बोटीचं उजवं, वाऱ्याचं डावं

आमच्या इंदूरला कुणाला पत्ता विचारा, तो आधी तुम्हाला कुठेतरी उभं करतो. राजवाड्याकडे तोंड केलं की उजव्या हाताला, किंवा गीता भवनकडून येत असाल तर डावीकडे, आणि पलासियाकडून येत असाल तर मग उजवीकडे. पूर्व-पश्चिम कुणी सांगत नाही आणि सांगितलं तरी ऐकणारा गोंधळतो. यात वाईट काही नाही, शहरात हेच चालतं, कारण सांगणारा आणि ऐकणारा दोघांनाही "तोंड कुठे" हे ठरवून घ्यायला वेळ असतो. बोटीत तो वेळ नसतो. म्हणून बोटीत तोंड कुठे हा प्रश्नच काढून टाकलाय, आणि मला शिडाच्या बोटीतलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते हे.

समुद्र नसलेल्या गावातली बाई शिडाची बोट शिकते म्हटल्यावर लोक विचारतात कुठे, तर भोपाळला, बड्या तालाबात. राजा भोजाने अकराव्या शतकात बांधलेला तलाव, पूर्ण भरला की साधारण ३१ चौरस किलोमीटर पाणी, मधे तकिया टापू, दक्षिणेला वनविहारची झाडी. मुलगी तिथे कॉलेजला आहे, तिला भेटायला जाणं होतंच, आणि तिच्या घरमालकांच्या ओळखीत नौदलातून निवृत्त झालेले एक काका आहेत, मूळचे रत्नागिरीकडचे, ते रविवारी सकाळी दोन-चार जणांना घेऊन बसतात. देवास, सोनकच्छ, आष्टा, सीहोर करत जाताना मला दर वेळी वाटतं की ह्या रस्त्याला शिडाच्या बोटीचं नातं आहे हे आपल्या लोकांना माहीतच नाही. देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर ह्याच भोपाळच्या पाण्यावर शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए-४ बोटीत रौप्य घेऊन आली. तिच्या आधी होशंगाबादची हर्षिता तोमर, २०१८, जकार्ता, लेझर ४.७ मध्ये कांस्य. शेतकऱ्यांच्या, साध्या घरच्या पोरी माळव्यात आणि नर्मदेकाठी वाढून वारा वाचायला शिकतात आणि जगात पदकं घेतात, याचा मला मनापासून अभिमान आहे.

आता मूळ गोष्ट. बोटीचा पुढचा भाग बो, मागचा स्टर्न. स्टर्नकडे पाठ करून बोकडे तोंड केलं की डावी बाजू ती पोर्ट, उजवी ती स्टारबोर्ड. बस, एवढंच, आणि हे "तोंड केलं की" फक्त एकदाच, शिकताना. त्यानंतर तुम्ही बोटीत उलटे बसा, आडवे बसा, पाठ करून उभे राहा, पोर्ट हे पोर्टच राहतं कारण ती बोटीची बाजू आहे, तुमची नाही.

मला हे पहिल्या वेळीच पटलं त्याचं कारण माझं काम. मी एक्स-रे काढते, बरीच वर्षं झाली. छातीचा एक्स-रे घेताना पेशंट प्लेटला छाती टेकवून माझ्याकडे पाठ करून उभा असतो, म्हणजे त्याचं उजवं तेच माझं उजवं. तीच फिल्म डॉक्टर बघतात तेव्हा मात्र पेशंट समोर उभा असल्यासारखी लावतात, म्हणजे त्याचं उजवं आता डॉक्टरांच्या डाव्या हाताला. मग माझं, डॉक्टरांचं, नर्सचं, कुणाचंच उजवं मोजायचं नाही, मोजायचं ते पेशंटचं, आणि त्यासाठी आम्ही शिशाचा छोटासा आर किंवा एल प्लेटवर चिकटवतो जो फिल्मवर पांढरा उमटतो. तो मार्कर नसेल तर फिल्म कितीही सुंदर निघालेली असो, माझ्या लेखी ती अर्धवट. कारण ऑपरेशन टेबलावर गुडघा कुठला हे त्या एका अक्षरावर ठरू शकतं. काका पहिल्यांदा म्हणाले, "ताई, तुमचं उजवं मला नको, बोटीचं सांगा," तेव्हा मला वाटलं अरे हा तर आपल्याच खात्यातला माणूस.

बोटीवरही मार्कर असतो, रंगाचा. पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा. काकांनी आमच्या बोटीच्या दोन्ही कडांना आतून टेपच्या पट्ट्या लावल्यात, एक लाल एक हिरवी, उन्हाने फिकट झाल्यात पण दिसतात. इंग्रजीत पाठ करायच्या युक्त्या खूप आहेत, अक्षरं मोजा वगैरे, मला त्या आवडत नाहीत, कारण त्या तुम्हाला पुन्हा स्वतःच्या डाव्या-उजव्याकडे घेऊन येतात. त्यापेक्षा हात पट्टीवर ठेवून म्हणायचं, हिरवी, स्टारबोर्ड. हाताला कळलं की डोक्याला सांगायला लागत नाही.

ही नावं आली कुठून तेही छान आहे, थोडक्यात सांगते. जुन्या युरोपी जहाजांना मागे मधोमध सुकाणू नव्हतं, उजव्या कडेला एक मोठं वल्हं लावून जहाज वळवत, म्हणून ती सुकाणूची बाजू, तिचं स्टारबोर्ड झालं. ते वल्हं धक्क्यावर आपटू नये म्हणून जहाज लावायचं ते डाव्या बाजूने, मालही तिकडूनच चढायचा. डाव्या बाजूला आधी लारबोर्ड म्हणत, पण वाऱ्यात ओरडून सांगताना लारबोर्ड आणि स्टारबोर्ड सारखेच ऐकू येत, आणि सारखं ऐकू येणं म्हणजे जहाज खडकावर, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये लारबोर्ड बंदच केलं आणि पोर्ट पक्कं केलं. अख्ख्या नौदलाची सवय मोडायची म्हणजे केवढं काम, तरी केलं, कारण माणूस मरतो. मला असे लोक आवडतात.

आता बोटीत प्रत्यक्ष कसं असतं ते सांगते म्हणजे हे सगळं का लागतं ते कळेल. आमची बोट एंटरप्राइज जातीची, जॅक होल्ट नावाच्या इंग्रज माणसाने १९५६ मध्ये आखलेली, चार मीटरच्या जेमतेम वर लांबी, दोन माणसांची, निळ्या शिडांची. एक जण सुकाणूवर, एक जण पुढच्या छोट्या शिडाला, त्याला जिब म्हणतात. दोघंही पुढे तोंड करून बसतच नाहीत! बसायचं कडेवर, बाजूला, ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला, म्हणजे वाऱ्याने बोट एकीकडे कलते ती आपल्या वजनाने सरळ राहते. समजा मी पोर्टच्या कडेवर बसलेय, तोंड आत, स्टारबोर्डकडे, तर बो माझ्या डाव्या हाताला. थोड्या वेळाने बोट वळते, वारा दुसऱ्या बाजूने यायला लागतो, मी वाकून बूमखालून, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याखालून, सरकते आणि स्टारबोर्डच्या कडेवर जाऊन बसते, तोंड आता पोर्टकडे, आणि बो गेला उजव्या हाताला. मधे पाच-सात सेकंद. त्या पाच-सात सेकंदांत "डावीकडे बघ" असं कुणी ओरडलं तर डावीकडे म्हणजे नक्की कुठे? कुणाचं? आधीचं की आत्ताचं? आणि "पोर्टला बघ" म्हटलं की मान आपोआप लाल पट्टीकडे जाते. शिवाय पोर्ट बो म्हणजे पुढे डावीकडे तिरकं, स्टारबोर्ड क्वार्टर म्हणजे मागे उजवीकडे तिरकं, अबीम म्हणजे अगदी काटकोनात बाजूला. दोन शब्दांत अख्खी गोल क्षितिजरेषा वाटून टाकलीय.

पण हे झालं अर्धंच. बोटीच्या बाजू बोटीला चिकटलेल्या असतात, आणि वर आणखी एक जोडी असते जी कशालाच चिकटलेली नसते, वारा नेईल तिकडे जाते. वारा ज्या बाजूने येतो ती विंडवर्ड, ज्या बाजूला जातो ती लीवर्ड, बोलताना नुसतं ली. पोर्ट आता विंडवर्ड असेल, बोट वळली की तीच पोर्ट ली होईल. नवीन माणूस इथे वैतागतो, आमच्या बरोबरचा एक मुलगा म्हणालाच की काका दोन-दोन डावं-उजवं कशाला, एकच ठेवा ना. काका म्हणाले, "अरे बाळा, बोटीला हात लावायचा असेल तर पोर्ट-स्टारबोर्ड, आणि बोट चालवायची असेल तर वारा." मला वाटतं शिडाच्या बोटीचा सगळा अभ्यास या वाक्यात आहे. लाइफ जॅकेट कुठे ठेवलंय, दोरी कुठल्या कडेला बांधायची, धक्का कुठल्या बाजूला येतोय, हे बोटीच्या भाषेत. बाकी चालवणं सगळं वाऱ्याच्या भाषेत.

म्हणजे कसं, तर सुकाणूवर बसलेल्याला "डावीकडे घे" कुणी म्हणतच नाही, पोर्टला घे असंही फारसं म्हणत नाहीत. म्हणतात "हेड अप", म्हणजे बो वाऱ्याकडे घे, किंवा "बेअर अवे", म्हणजे वाऱ्यापासून लांब घे. या दोन्हींचा डाव्या-उजव्याशी काही संबंध नाही. वारा पोर्टकडून असेल तर हेड अप म्हणजे पोर्टला वळणं, स्टारबोर्डकडून असेल तर स्टारबोर्डला. आणि शीड काय करणार हे त्यावरच ठरतं, किती ओढायचं किती सोडायचं. थेट वाऱ्याच्या तोंडाकडे बोट जातच नाही, दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा एक पट्टा आहे ज्यात शीड नुसतं फडफडतं आणि बोट उभी राहते, मग वाऱ्याच्या दिशेला जायचं तर त्या पट्ट्याच्या एका काठाने थोडं, मग वळून दुसऱ्या काठाने थोडं, असं नागमोडी जायचं. त्या पट्ट्याला लागून जाणं म्हणजे क्लोज हॉल्ड, वारा काटकोनात बाजूने घेऊन जाणं म्हणजे बीम रीच, अगदी पाठीवर घेऊन जाणं म्हणजे रन. गंमत म्हणजे पाठीवरचा वारा सगळ्यात सोपा वाटतो, आणि बीम रीच त्याच्याहून सहसा वेगाची असते.

तर मग वारा कुठून येतोय हे सतत माहीत असायला लागतं, आणि इथे माझ्या आयुष्यात खरंच काहीतरी बदललं. आपण शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे, परीक्षेत लिहिलं आणि सोडून दिलं. वाऱ्याचं नाव तो जिथून येतो त्यावरून पडतं, पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, आणि पाण्याच्या प्रवाहाचं नाव मात्र तो जिकडे जातो त्यावरून सांगतात. काकांनी शिकवलं की तोंड हळूहळू फिरवायचं आणि दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा झाला की थांबायचं, नाकासमोर वारा. मग पाणी बघायचं. झुळूक येताना पाण्यावर दिसते, तो तुकडा बाकी पाण्यापेक्षा काळपट होतो, बारीक सुरकुत्या पडतात आणि तो काळपट डाग सरकत सरकत तुमच्याकडे येतो, आला की बोट कलणार हे आधीच माहीत, वजन बाहेर टाकायला तयार राहायचं. पहिल्यांदा तो डाग ओळखून मी मागे झुकले आणि दुसऱ्याच क्षणाला वारा शिडात भरला, त्याचा आनंद काय सांगू, पाण्यावर लिहिलेलं वाचता आलं.

आता मी इंदूरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या बघूनही वारा सांगते. आपल्या शब-ए-माळव्याचं एवढं कौतुक, माळव्याची रात्र, उन्हाळ्यातसुद्धा संध्याकाळी सुटणारा गार वारा, पण तो येतो कुठून हे मी कधी बघितलं नव्हतं. आई म्हणते, "पाण्यात पडलीस तर काय गं?" मी म्हणते जॅकेट आहे ना, आणि तिला वाऱ्याची दिशा सांगते, तिला त्यात काही रस नाही ते वेगळं.

हुकमांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. बो वाऱ्यातून पलीकडे न्यायचा त्या वळण्याला टॅक म्हणतात, आणि स्टर्न वाऱ्यातून न्यायचा त्याला जाइब. टॅक करताना सुकाणूवरचा विचारतो, "रेडी अबाउट?" जिबवाला दोरी हातात घेऊन, पाय मोकळे करून म्हणतो, "रेडी." मगच "ली-हो" म्हणून टिलर, म्हणजे सुकाणूचा हातात धरायचा दांडा, लीच्या बाजूला ढकलायचा. उत्तर येईपर्यंत वळायचं नाही, कितीही घाई असो. जाइबमध्ये तर अजून काळजी, कारण तिथे बूम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जोरात येतो आणि डोकं मधे असेल तर गंभीर इजा होते. विचारणं, उत्तर, मग कृती. आमच्याकडेही "श्वास घ्या, रोखा" म्हटल्यावर पेशंटची छाती थांबलेली बघूनच बटण दाबायचं असतं. घाईत हे वगळणारे लोक मी बघितलेत आणि मला त्यांचा राग येतो.

टिलर उलटा चालतो हे बहुतेकांना माहीत असतं, दांडा स्टारबोर्डला ढकलला की बो पोर्टला जातो. पण या उलटेपणामुळे केवढा घोळ होऊ शकतो ते टायटॅनिकच्या वेळी दिसतं. १९१२ च्या त्या रात्री हिमनग दिसल्यावर हुकूम होता "हार्ड अ-स्टारबोर्ड" आणि जहाज वळलं पोर्टला. चूक नव्हती ती. त्या काळी हुकूम टिलरच्या दिशेचा द्यायची पद्धत होती, जहाजावर टिलरच्या जागी चाक आलं तरी भाषा जुनीच राहिलेली. पुढे १९३० च्या दशकात ही पद्धत बदलली आणि ज्या बाजूला जहाज वळवायचं तीच बाजू बोलायची असं ठरलं. छोट्या बोटीत आपण अजून टिलर हातात धरतो, म्हणून मला वाटतं "हेड अप" आणि "बेअर अवे" हेच बरे, हात कुठे जातोय हे त्यात येतच नाही, बोट कुठे गेली पाहिजे एवढंच येतं.

आणि मग दुसरी बोट समोर आली तर? इथे पोर्ट-स्टारबोर्ड आणि वारा दोन्ही एकत्र येतात. वारा पोर्टकडून येत असेल तर तुम्ही पोर्ट टॅकवर, स्टारबोर्डकडून येत असेल तर स्टारबोर्ड टॅकवर. दोन शिडाच्या बोटी वेगवेगळ्या टॅकवर असतील तर पोर्ट टॅकवाल्याने बाजूला व्हायचं. दोघी एकाच टॅकवर असतील तर वाऱ्याकडची बोट बाजूला होते, लीवाली आपल्या वाटेने जाते. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत हा बारावा नियम आहे, आणि भोपाळच्या तलावावर तेरा-चौदा वर्षांची पोरं तो इतक्या सहज पाळतात की बघत राहावं. लांबून एक बारीक आवाज येतो, "स्टारबोऽऽर्ड!" आणि पोर्ट टॅकवाला मुकाट वळतो. ना हॉर्न, ना "दिसत नाही का". पलासिया चौकात रोज उभं राहणाऱ्या माणसाने हे एकदा बघून यावं असं मला मनापासून वाटतं.

शिकवण्याबद्दल माझं एक मत आहे. बहुतेक पुस्तकांत पहिल्याच पानावर बोटीचं चित्र आणि वीस-पंचवीस नावं बाणांनी दाखवलेली असतात, आणि माणूस तिथेच दमतो. मी कुणाला शिकवलं तर आधी काठावर उभं करून वारा शोधायला लावीन, कान, गाल, झेंडे, पाणी. मग बोटीत बसवून विंडवर्ड आणि ली एवढंच. पोर्ट-स्टारबोर्ड तिसऱ्या नंबरवर, पट्टीला हात लावून. बाकीची नावं ती वस्तू हातात येईल तेव्हा.

सध्या काका दिवे शिकवतायत, कागदावर, कारण तलावात आम्ही रात्री जात नाही. पोर्टचा लाल आणि स्टारबोर्डचा हिरवा, दोन्ही थेट समोरपासून बाजूला आणि जरा मागेपर्यंत, ११२.५ अंश, आणि मागे पांढरा, १३५ अंश. बेरीज करा, बरोबर ३६० होते, म्हणजे बोटीभोवती कुठेही उभे राहा, एक तरी दिवा दिसतोच आणि त्यावरून ती कुठे चाललीय ते कळतं. नुसता लाल दिसला तर तुम्हाला तिची पोर्ट बाजू दिसतेय, म्हणजे ती तुमच्या डावीकडे चाललीय. इंजिनाच्या दोन बोटींचे रस्ते एकमेकांना छेदत असतील तर जिच्या स्टारबोर्डला दुसरी आहे तिने थांबायचं किंवा मागून जायचं, आणि तिला त्या वेळी समोरचीचा लालच दिसत असतो, तर समोरचीला हिची हिरवी बाजू. आणि लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर बोट सरळ तुमच्याच अंगावर येतेय, तेव्हा दोघी इंजिनाच्या असतील तर दोघींनीही स्टारबोर्डला वळायचं आणि एकमेकींचे लाल दिवे बघत पोर्टला पोर्ट करून निघून जायचं. बंदरातल्या खुणांच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांचा धडा यापुढे आहे. आपल्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया पोर्टला आणि हिरवा स्टारबोर्डला ठेवतात, अमेरिकेत नेमकं उलट. यंदा मुंबईला मावशीकडे जाणं होईल तेव्हा मांडव्याच्या लाँचमध्ये बसून ते बोये बघायचेत, मुलीला आत्ताच सांगून ठेवलंय.